मेंदूतील गाठ, नवे यंत्र आणि खोडाळ्याची वाट

(न्यासाच्या वार्षिक सभेच्या दिवशी खोडाळा येथे रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी जमाखर्च वाचून दाखवतो. तो यंदाही अहवालात छापला आहे. परंतु या वर्षी अध्यक्ष महोदयांनी मला एका वेगळ्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नाही. म्हणून जे सांगणार आहे ते आमच्या डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन सांगत आहे. चूक आढळल्यास ती माझी समजावी.

विषय निघाला तो एका पत्रामुळे. आपल्या एका हितचिंतकांनी दूरचित्रवाणीवर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा एक कार्यक्रम पाहिला. शल्यचिकित्सकाने डोळ्यांवर विशिष्ट प्रकारचा चष्मा लावला होता आणि त्यातून त्याला रुग्णाच्या डोक्याच्या आतील गाठ, जणू कवटी काचेची असावी तशी, दिसत होती. या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ असे म्हणतात. आपण मराठीत त्याला ‘संवर्धित वास्तव’ म्हणू. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते : “आदिवासी भागातील रुग्णालयाला असे अत्याधुनिक यंत्र का मिळू नये? मी देणगी देण्यास तयार आहे.”

प्रश्न मोठ्या मनाने विचारलेला आहे. त्याचे उत्तर ‘नको’ एवढ्या एका शब्दात देणे योग्य होणार नाही. ते यंत्र काय करते, काय करू शकत नाही आणि आपल्या वाट्याचे काम कोणते, हे सर्वांसमोर मांडावे असे ठरले.

प्रथम या शस्त्रक्रियेतील अडचण समजून घेऊ. मेंदू हाडाच्या बंद पेटीत असतो. पोटाप्रमाणे तो हाताने चाचपता येत नाही. ग्लायोमा नावाच्या प्रकारातील गाठ तर पिशवीसारखी वेगळी नसते. ती निरोगी मेंदूत मुळांसारखी शिरलेली असते आणि कित्येकदा रंगाने व स्पर्शानेही मेंदूसारखीच वाटते. थोडी कमी काढली तर आजार लवकर उलटतो. थोडी अधिक काढली तर रुग्णाचा हात, पाय किंवा वाचा जाते. या दोहोंमधील अंतर काही मिलिमीटरचे असते.

या अडचणीवर माणसाने कसकशी मात केली, तो इतिहास वाचण्यासारखा आहे. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यचिकित्सकांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. तो १८९५ साली लागला. मग गाठ नेमकी कोठे आहे हे कळले कसे? ह्यूज बेनेट या वैद्यांनी त्या शेतकऱ्याला येणारे झटके आणि अवयवांतील दुर्बलता यांची बारकाईने नोंद घेतली व केवळ त्यावरून जागा सांगितली. कवटी उघडली तेव्हा गाठ तेथेच सापडली. रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने सुमारे चार आठवड्यांत दगावला, हे खरे. परंतु जागा चुकली नव्हती. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील हे मार्गदर्शन रुग्णाचे ऐकून आणि त्याच्याकडे नीट पाहून झाले होते. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण शेवटी मला तेथेच परत यायचे आहे.

पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात सीटी स्कॅनने प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे छायाचित्र घेतले गेले. ते यंत्र बनविणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एमआरआय आला. आता गाठ चित्रात स्पष्ट दिसू लागली. तरीही एक दरी राहिलीच. चित्र भिंतीवर टांगलेले आणि रुग्ण मेजावर झोपलेला. चित्रातील जागा आणि प्रत्यक्षातील जागा यांचा मेळ शल्यचिकित्सकाने मनातल्या मनात घालायचा.

हा मेळ यंत्राने घालण्याच्या पद्धतीला नॅव्हिगेशन म्हणतात. मोबाइलमधील नकाशावर आपली गाडी जशी ठिपक्याने सरकताना दिसते, तसेच हे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नाक, डोळे, कपाळ अशा ठरावीक जागांची एमआरआयमधील त्याच जागांशी जुळणी करतात. नंतर खोलीतील कॅमेरा शल्यचिकित्सकाच्या हत्यारावर नजर ठेवतो आणि त्याचे टोक मेंदूत कोठे पोहोचले आहे ते पडद्यावर दाखवतो. यातही डॉक्टरांना रुग्णावरून नजर काढून वारंवार पडद्याकडे पाहावे लागते. ते टाळण्यासाठी चित्रच दृष्टीसमोर आणावे, ही संवर्धित वास्तवाची कल्पना होय. ती वाटते तितकी नवीन नाही. १९८६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथील डॉ. डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीची बाह्यरेषा शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातच दिसेल अशी व्यवस्था केली होती. डोळ्यांवर घालायच्या साधनांचा वापर अलीकडचा. जून २०२० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे असे साधन घालून मणक्यांची शस्त्रक्रिया झाली आणि दोनच दिवसांनी त्याच साधनाच्या साहाय्याने मणक्यातील कर्करोगाची गाठ काढण्यात आली.

आता या यंत्राची मर्यादा. कवटी उघडून मेंदूवरील आवरण कापले की आतील पाणी वाहून जाते, गाठीचा भाग निघू लागतो आणि मेंदू आपल्या जागेवरून सरकतो. कधी काही मिलिमीटर, तर कधी एक सेंटिमीटरहूनही अधिक. चष्म्यात दिसणारे चित्र मात्र शस्त्रक्रियेपूर्वीचे असते. आपल्याकडे पावसाळ्यात विहिगावमार्गे कसाऱ्याला जाणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नकाशात रस्ता असतो, पण काल रात्री दरड कोसळली आहे हे नकाशाला ठाऊक नसते. समोरून आलेल्या गाडीवाल्याला विचारावे लागते.

मेंदूच्या शस्त्रक्रियेतही असेच ‘विचारण्याचे’ मार्ग शोधले गेले. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे नॅव्हिगेशनशी जोडलेल्या अल्ट्रासाउंडचे तंत्र विकसित झाले. शस्त्रक्रिया चालू असतानाच मेंदूचे ताजे चित्र घेऊन ते नकाशात भरायचे, असे हे तंत्र आहे. आपल्या राज्यातही हे काम झाले आहे, याचा अभिमान वाटतो. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. अलीअसगर मोइयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅव्हिगेशनयुक्त त्रिमितीय अल्ट्रासाउंडचा मेंदूच्या गाठींसाठी उपयोग करून त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. या केंद्राचे परळचे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि त्याचीच ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था खारघरला आहे.

दुसरा मार्ग औषधाचा. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला ‘५-एएलए’ नावाचे द्रव्य प्यायला देतात. निळ्या प्रकाशात काही प्रकारच्या गाठी त्यामुळे लालसर चमकतात. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांची चित्रात दिसणारी गाठ पूर्ण निघाली; नेहमीच्या प्रकाशात हे प्रमाण ३६ टक्के होते. चष्म्याबाबत इतका भक्कम पुरावा अद्याप पुढे यायचा आहे, असे आमचे डॉक्टर सांगतात. देणगीदारांसमोर ही गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आता मी आपल्याच एका रुग्णाची हकीकत सांगतो. त्यांचे नाव आणि पाडा सांगणार नाही. कुटुंबाने हकीकत सांगण्यास संमती दिली आहे.

हे चाळिशीतील गृहस्थ. पावसाळ्यात नागली-भाताची शेती आणि दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर. दोन वर्षांपूर्वी त्यांना पहाटे उठताच डोके दुखण्याचा त्रास सुरू झाला. उलटी झाली की जरा बरे वाटे. ते आपल्या बाह्यरुग्ण विभागात दोनदा आले. दोन्ही वेळा उन्हाचा व पित्ताचा त्रास समजून गोळ्या देण्यात आल्या. हा दोष मी अन्य कोणाच्या नावे टाकत नाही. तो आपल्याच खात्यावर नोंदवतो. पुढे त्यांना ओळखीच्या वस्तूंची नावे आठवेनाशी झाली. विळा हातात घेऊन ते “हे, हे” एवढेच म्हणत. गावात कुणी दारूचे नाव घेतले, कुणी बाहेरचे काही असावे म्हणाले. एके दिवशी शेतावर त्यांना फेफरे आले. लोकांनी कांदा हुंगवला. आशाताईंनी मात्र घरच्यांना बसवून सगळे पहिल्यापासून विचारले. पहाटेची डोकेदुखी, उलटी, हरवणारे शब्द आणि आता फेफरे हे चारही दुवे त्यांनी एका कागदावर लिहून आमच्या डॉक्टरांच्या हाती दिले. तो कागद मी जपून ठेवला आहे.

नाशिकला एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूस, वाचेच्या केंद्राजवळ गाठ होती. तेथून त्यांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करण्याचे ठरवले. हे ऐकून घरचे घाबरले, मीही घाबरलो. परंतु मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. डोक्याची त्वचा बधिर करून, रुग्णाला गरजेपुरती गुंगी देऊन, नंतर जागे करतात. मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह लावून पाहतात आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. ज्या जागी प्रवाह लावताच बोलणे अडखळते, ती जागा सोडून द्यायची.

शस्त्रक्रियेच्या आधी या चित्रांचा सराव घेतात. त्या सरावात त्यांच्या बऱ्याच चुका निघाल्या. सोबत गेलेल्या आमच्या समाजसेविकेने शांतपणे लक्षात आणून दिले की यांतील काही चुका आजाराच्या नाहीत. काही वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिलेल्याच नव्हत्या. काहींना त्यांच्या बोलीत निराळाच शब्द होता आणि तो त्यांनी बरोबर उच्चारला होता. तेथील वाचातज्ज्ञांनी तत्परतेने ती चित्रे काढून टाकली. विळा, सूप, टोपली, इरले, घोंगडी, कोंबडा अशी चित्रे घेतली आणि बोलीतील शब्द चिठ्ठीवर लिहून घेतले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत नॅव्हिगेशनचा पडदा होता, चष्मा नव्हता. नंतर शल्यचिकित्सकांनी आम्हांस जे सांगितले, ते मी कधी विसरणार नाही. एका टप्प्यावर पडदा सांगत होता की गाठ अजून पुढे आहे. पण तेथे प्रवाह लावताच रुग्णाच्या तोंडून ‘सूप’ हा शब्द निघेना. दोनदा, तीनदा पाहिले. शल्यचिकित्सकांनी हात थांबवला. गाठीचा तेवढा भाग तसाच ठेवला आणि त्यासाठी पुढे किरणोपचार व औषधे दिली. ती चित्रे बदलली नसती, तर त्या क्षणी रुग्णाचे न बोलणे हे मेंदूचे होते की अनोळखी वस्तूचे, हे कुणाला कसे कळले असते?

आज ते गृहस्थ बोलतात. शेतातले हलके काम करतात. आजार पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. तपासण्या चालू आहेत आणि त्या जन्मभर चालू राहतील. पण घरी मुलांना ते नावाने हाक मारतात. ही जमा कोणत्या रकान्यात लिहावी हे मला वाणिज्य शाखेत शिकवलेले नाही.

आता हितचिंतकांच्या प्रश्नाकडे येतो. चष्मा हे एकटे यंत्र नव्हे. त्याच्यामागे एमआरआय हवा, नॅव्हिगेशन हवे, मेंदूचे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, अतिदक्षता विभाग हवा. आणि अशा शस्त्रक्रिया सातत्याने होत असाव्यात, म्हणजे हात तयार राहतो. खोडाळ्यात आणलेले ते यंत्र वर्षभर कापडाखाली झाकलेले राहील, त्याच्यावर घसारा चढत जाईल आणि देखभालीचा करार मात्र दरवर्षी आपल्या दारी उभा राहील. शिवाय हे साधन झपाट्याने जुने होते. शल्यचिकित्सकांनी प्रयोगासाठी वापरलेला मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘होलोलेन्स’ चष्मा २०१६ साली आला आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन २०२४ मध्ये थांबलेही.

मग आपले काम कोणते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते तीन प्रकारचे आहे.

पहिले, ओळखण्याचे. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे एक छोटे उपकरण जगापुढे मांडले. त्याला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात. कवटीतील दाब वाढला की डोळ्याच्या मागील नस पुष्कळदा सुजते आणि ती सूज या उपकरणातून दिसू शकते. साध्या डोळ्याला न दिसणारे दाखवणे हेच याही यंत्राचे काम, आणि ते तळहातावर मावते. यंदा न्यासाने स्वतःच्या निधीतून ते घेतले आहे आणि आमच्या डॉक्टरांनी ते वापरण्याचा सराव सुरू केला आहे. प्रत्येक डोकेदुखी ही गाठ नसते, किंबहुना फारच थोड्यांत तसे निघते. म्हणून कुणी घाबरू नये. परंतु पहाटे वाढणारी व दिवसेंदिवस बळावणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी, मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेले फेफरे, एका बाजूचा हात-पाय दुबळा होणे, दिसण्यात वा बोलण्यात फरक पडणे, यांपैकी काही आढळल्यास रुग्ण गोळ्या देऊन परत पाठवायचा नाही. तसा लेखी नियम आता बाह्यरुग्ण विभागात लावला आहे.

दुसरे, पोहोचवण्याचे. येथून कसारा, कसाऱ्याहून लोकलने दादर व तेथून परळ. किंवा ठाण्याला गाडी बदलून खारघर. निरोगी माणूस या प्रवासाने थकतो, मग डोक्यात गाठ असलेल्याचे काय? शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी शासनाची योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवायच्या असतात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे असतात. या सोयी कागदावर आहेत. पण शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी पाड्यावरचा माणूस खिडकीवरून परत फिरतो. ते कागद येथेच, निघण्यापूर्वी नीट करून देणे, हे आपले काम आहे.

तिसरे, टिकवून धरण्याचे. शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार बहुधा सहा आठवडे चालतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आधार देते. तथापि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि मागे राहिलेल्या मुलांची आबाळ होते. या खर्चाला कोणतीही योजना पुरी पडत नाही. उपचार अर्धवट सोडून रुग्ण परत येतो, त्याला बहुधा हेच कारण असते.

म्हणून आमची त्या हितचिंतकांना नम्र विनंती आहे, की आपली देणगी या प्रवासासाठी, सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीसाठी आणि पाड्यांवर विचारपूस करणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनासाठी द्यावी. या गोष्टींवर नावाची पाटी लावता येत नाही, याची मला जाणीव आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते आज सभेस उपस्थित आहेत आणि त्यांना अवघडून टाकण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी विचारपूर्वक निर्णय घ्यावा. त्यांचा निर्णय कोणताही झाला, तरी विश्वस्त मंडळाने या कामासाठी स्वतंत्र शीर्ष उघडण्याचा ठराव आज मंजूर करावा, अशी मी विनंती करतो.

१८८४ साली एका वैद्याने शेतकऱ्याची विचारपूस करून गाठीची जागा सांगितली होती. दोन वर्षांपूर्वी आपल्या आशाताईंनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. नवे चष्मे मुंबईत, नाशिकमध्ये जरूर यावेत. आपल्या रुग्णांना त्यांचा लाभ मिळावा. पण त्या मेजापर्यंत जाणारी वाट येथून, रुग्णाला विचारलेल्या पहिल्या प्रश्नापासून सुरू होते. तो प्रश्न आपण पुन्हा चुकवणार नाही, एवढे आश्वासन मी रुग्णालयाच्या वतीने आपणांस देतो.